सुनेचे मामा आणि माझा खलबत्ता

माझ्या सुनेचे मामा आयुष्यात एकदाही सरळ रस्त्याने घरी पोचलेले नाहीत. रस्ता माहीत नसतो म्हणावं तर तसंही नाही. ओमानमध्ये त्यांची तीस वर्षं गेली, इथलं वळण न् वळण त्यांना पाठ. पण सरळ रस्ता दिसला की तो कोणीतरी आपल्याला फसवायलाच आखलाय असं त्यांना वाटतं. एका शुक्रवारी घरात कोथिंबीर नव्हती म्हणून सुनेने त्यांना पाठवलं. आमच्या अल खौदच्या घरापासून भाजीचं दुकान म्हणजे दोन वळणं आणि एक मशीद. मामा सकाळी नऊला गेले ते दुपारी चारला उगवले. दुकानातली कोथिंबीर सुकलेली होती आणि सहमच्या मळ्यांत ताजी मिळते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते तिकडे गेले. सहम म्हणजे इथून गाडीने जवळजवळ दोन तास. आणि कोथिंबीर आणली नाहीच. आणला तो एक माणूस. रत्नागिरीकडचे दाऊदभाई, सहमला नळ-खिळ्यांचं दुकान चालवतात. दुकानाच्या पायरीवर बसून ते मेंडोलिन वाजवत होते, तेवढ्यावर मामांनी त्यांना गाडीत घातलं. मी दारातच विचारलं, कोथिंबीर कुठंय. मामा म्हणाले, "विहीणबाई, कोथिंबीर रोज मिळते. मेंडोलिनवाला मिळत नाही." मी दाऊदभाईंना पाणी दिलं आणि आमटी बिनकोथिंबिरीची वाढली. पाहुण्याचा काय दोष.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. मला गाण्यातलं काही कळत नाही आणि कळतं असं दाखवायची हौसही नाही. आमचे हे गेल्यावर मुलाने मला इथे आणलं. तेव्हा मला वाटलं होतं, परदेशात माणसं शिस्तीची असतील. विमानतळावर मला न्यायला मुलाबरोबर हे मामा आले होते. त्यांनी थंडी नसताना मफलर गुंडाळला होता, पायात कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट होते, आणि जवळचा रस्ता म्हणून त्यांनी मला आधी समुद्र दाखवला, मग एक किल्ला, मग एका ओळखीच्याची बकरी. घरी पोचेपर्यंत माझे पाय सुजले. समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात मामा पंपांवर होते. मामी चिपळूणला. वर्षातून एकदा मामा जायचे, बाकी अकरा महिने फोन. मामींना मी एकदा विचारलं, तुम्ही इकडे का येत नाही. त्या म्हणाल्या, "मी आले तर मला घेऊन घरी कधी पोचतील याचा भरवसा नाही." बाई शहाणी.

मामांचं खरं लग्न लागलं होतं ते एका वाद्याशी. बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत आपल्याकडे वाजतो तो बेंजो वेगळा. हा म्हणजे डफाला लांब दांडा लावून वर पाच तारा ताणलेल्या. तरुणपणी मामा आत वाळवंटात एका कामावर होते, तिथे एक अमेरिकन इंजिनिअर होता, डोंगराळ मुलखातला. तो तंबूबाहेर बसून हे वाजवायचा. त्याच्या गावाकडच्या त्या वाजवण्याला ब्लूग्रास म्हणतात, म्हणजे निळं गवत. इथे हिरवं गवत दिसायची मारामार, तिथे हे दोघं निळ्या गवतात बसायचे. तो अमेरिकन परत जाताना बेंजो मामांना देऊन गेला. दुसरा कोणी असता तर शिकवलं तेवढं वाजवून गप्प बसला असता. पण मामा तिथेही सरळ गेले नाहीत. त्या डोंगरातल्या चालीत त्यांनी आपली कोकणातल्या जाखडी नाचाची चाल मिसळली, आणि वर जाझ म्हणून एक प्रकार आहे तो घातला. जाझ म्हणजे काय हे मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी दोन तास सांगितलं. मला कळलं ते एवढंच, की ठरलेली चाल सोडून वाटेल तिकडे भटकायचं आणि मग परत मूळ जागी यायचं. मी म्हटलं, मग हे तुम्हाला शिकावं लागलंच नसेल.

बेंजो वाजवायला ते उजव्या हाताच्या तीन बोटांत पत्र्याची नखं घालायचे. ती काढायची त्यांना आठवण राहायची नाही. त्याच हाताने आमटीभात जेवायला बसायचे, ताटात खण् खण् व्हायचं, मग मी दरडावलं की काढून आमटीच्या वाटीजवळ ठेवायचे आणि एखादं वाटीत पडायचं. एकदा रहिवासी कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला गेले, तर नखांसकट हात यंत्रावर ठेवला. यंत्र काही केल्या घेईना. काउंटरवरची मुलगी तीनदा म्हणाली पुन्हा ठेवा. मामांना वाटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी पंप दुरुस्त करावा तसं ते बाजूने ठोकून पाहिलं. मुलीने त्यांची बोटं पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी तिला बेंजो म्हणजे काय ते सांगितलं. रांगेतली माणसं यल्ला, यल्ला, म्हणजे आटपा, आटपा करत होती. हे सगळं मला मुलाने सांगितलं, तो रांगेत त्यांच्या मागे होता आणि ओळख दाखवत नव्हता.

त्यांचं बोलणंही तसंच. लग्न कसं ठरलं असं कोणी विचारलं, तर ते मुलगी बघायला ज्या एस्टीने गेले तिच्या ड्रायव्हरच्या भावापासून सुरू करायचे. जेवणही तसंच, आधी ताक, मग भात, मध्येच पापड, शेवटी पोळी. पण एक सांगते, गोष्ट अर्धी टाकून ते कधी उठले नाहीत. दीड तासाने का होईना, ते मामींच्या दारात पोचायचे, आणि मामींनी कोणत्या रंगाचं पातळ नेसलं होतं इथे येऊन थांबायचे. ऐकणारे बहुधा तोवर उठून गेलेले असायचे. मी भाजी निवडत असायचे, म्हणून मला शेवट माहीत आहे. पातळ अंजिरी होतं.

दाऊदभाई मिळाले आणि पुढे आमच्या मागच्या गल्लीतले सलीम मिळाले. सलीम ओमानी, तरुणपणी बँडमध्ये होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे माणसाएवढं उंच, उभ्याने वाजवायचं एक वाद्य आहे, आपल्या सारंगीच्या आजोबासारखं. पिकअपमध्ये आडवं घालून आणायचे, वर चादर पांघरलेली. पहिल्या वेळी मला वाटलं, कोणी आजारी आहे. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की दोघं यायचे, मामा आधीच येऊन बसलेले असायचे, मग आधी जेवण आणि मग आमच्या दिवाणखान्यात तिघांचं वाजवणं. सलीम मला खाला म्हणायचे, दाऊदभाई काकी. ढोलकी नाही, तबला नाही. मी म्हटलं, ठेका कोण धरणार. तर मेंडोलिनच्या तारा दाबून दाऊदभाई चक्, चक् असा आवाज काढायचे, तोच ठेका. जागाही ठरलेली. तिघं गोल उभे राहायचे, मध्ये सतरंजीवरचं लाल फूल. ज्याचा फेरा असेल तो फुलावर पुढे यायचा, बाकीचे एक पाऊल मागे सरायचे. त्याचं झालं की तो मागे, दुसरा पुढे. कोणी कोणाला खूण करायचं नाही. माझ्या जावांना एका स्वयंपाकघरात हे कधी जमलं नाही.

घोटाळा मामांच्या फेऱ्याला व्हायचा. मामा फुलावर आले की जाखडीची चाल धरायचे, दोन घरं पुढे जायचे, आणि मग सुटायचे. कुठे जातील नेम नाही. दाऊदभाई त्यांच्यामागे ओढले जायचे, त्यांचं चक् चुकायचं, सलीम थांबून बघत राहायचे, आणि मामा परत येतील तेव्हा घरी कोणीच नाही अशी गत. दाऊदभाई घाम पुसत म्हणायचे, "काकी, ह्येंच्या मागनं जावचा नाय. माणूस हरवता."

एका शुक्रवारी असंच चाललं होतं आणि मी आत ओट्याशी शेंगदाण्याचं कूट करत होते. मी कूट खलबत्त्यातच करते. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो. एका लयीत हात चालवला की दाणा सारखा फुटतो, हे मला आईने शिकवलं, त्यात कला काही नाही. बाहेर मामा सुटले, दाऊदभाई आणि सलीम कंटाळून थांबले, आणि माझा बत्ता चालू राहिला. मामा कुठे कुठे जाऊन आले देव जाणे, पण आले ते बरोबर माझ्या ठोक्यावर आले. बाहेर शांत झालं. मग तिघंही स्वयंपाकघराच्या दारात. मामांचा चेहरा असा, की मला वाटलं गॅस गळतोय. म्हणाले, तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मी म्हटलं, मी ऐकतच नव्हते, चुकणार कशाला.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. मामांच्या फेऱ्याला दाऊदभाई आणि सलीम दोघंही हात खाली घ्यायचे आणि फक्त माझा बत्ता चालायचा. मला त्यांनी दिवाणखान्यात आणायचा फार प्रयत्न केला. मी सांगितलं, मी कूट करते, वाजवत नाही, मी ओट्याशीच बसणार. फुलावर पाय ठेवण्याआधी मामा दर वेळी आत डोकावून म्हणायचे, "विहीणबाई, तुम्ही कुटत राहा. मी येतो परत." आणि यायचे. किती लांब गेले तरी यायचे. आमच्या घरात मात्र दर शुक्रवारी शेंगदाण्याचं काहीतरी असायचं. सून म्हणाली, आई, गवारीतही कूट, काकडीतही कूट, आता चहात घालू का.

मग मामांची साठी झाली आणि कंपनीने कागद दिला. काम खलास, व्हिसा खलास. दिवाळीनंतर महिनाभरात निघायचं. मामांनी एकच गोष्ट धरली. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एकदा वाजवायचं. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर फराळ केला, त्यांना ते पंपवाले आणि जरा विक्षिप्त, एवढेच माहीत होते. जायच्या आधी एकदा आपल्या माणसांनी ऐकावं, एवढीच इच्छा. आणि त्यासाठी मी स्टेजवर खलबत्ता घेऊन बसायचं.

मी नाही म्हटलं. चार शहाण्या माणसांपुढे मी शेंगदाणे कुटायला बसणार नाही. लोक म्हणतील, म्हातारीला इथेही स्वयंपाकाला जुंपलंय. मुलाने सांगून पाहिलं, सुनेने सांगून पाहिलं, दाऊदभाईंनी सहमहून फोन केला. मी म्हटलं, लाज मला वाटायची आहे, तुम्हाला नाही. मामा फक्त "बरं" म्हणाले. जो माणूस प्रत्येक गोष्टीला सतरा फाटे फोडतो तो नुसतं बरं म्हणतो, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी बधले नाही.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी होता. मी तिसऱ्या रांगेत, नव्या साडीत. तिघांनी एकच माईक मागितला आणि त्याच्याभोवती उभे राहिले, आमच्या फुलाभोवती राहतात तसे. सुरुवात चांगली झाली. मग मामांचा फेरा आला, दाऊदभाई आणि सलीम सवयीने थांबले, आणि मामा सुटले. मला बसल्या जागी कळलं, की त्यांच्या खाली माझा ठोकाच नाही. मामा लांब गेले, मग थोडे थांबून कानोसा घेतल्यासारखं केलं, पुन्हा एक चक्कर मारली, पुन्हा कानोसा. अंधारात घराचा दिवा शोधावा तसं. दाऊदभाईंनी चक् सुरू केलं ते भलत्याच जागी. सलीम आले ते तिसऱ्याच जागी. शेवटी तिघं तीन ठिकाणी थांबले. मंडळाचे अध्यक्ष सज्जन माणूस, ते लगबगीने माईकपाशी आले आणि म्हणाले, "वाद्यं लागली असतील तर आता आपण सुरू करूया." चेष्टा नव्हती हो. त्यांना खरंच वाटलं होतं, इतका वेळ तारा जुळवणं चाललंय. लोकांनाही तसंच वाटलं होतं, त्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

मामांनी मान लववली आणि जाखडीची साधी चाल सरळ वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न वळता. लोक खूश झाले. मामांनी सरळ वाजवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला आवडलं नाही.

वर मी म्हटलं की मामा कधीच सरळ रस्त्याने घरी पोचले नाहीत. ते खोटं आहे. त्या दिवशी मला घेऊन ते सभागृहापासून घरापर्यंत सरळ आले. समुद्र नाही, किल्ला नाही, एक गल्लीसुद्धा जास्तीची नाही. वीस मिनिटांत दारात. चुकलं म्हणायला जीभ वळायला हवी, माझी वळत नाही, तरुणपणीही वळली नाही. उतरताना म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सुरमई आणायला सांगितली आहे. ते म्हणाले, हो.

पुढच्या शुक्रवारी मी खलबत्ता उचलून दिवाणखान्यात नेला आणि फुलाच्या कडेला पाट मांडून बसले. दाऊदभाईंनी पाय सरकवून जागा दिली. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, तुम्ही कुटत राहा, मी येतो परत. त्या दिवशी ते इतके लांब गेले की माझे दाणे दोनदा संपले आणि सुनेने मूठभर आणखी टाकले. आले मात्र. बरोबर आले. ऐकायला आम्ही घरचे तिघं आणि वरचा मजला, तोही पाण्याची टाकी वाजते का बघायला आलेला.

जायच्या दिवशी विमानतळावर मुलगा, मी, दाऊदभाई आणि सलीम असे सगळे होतो. मामांनी बेंजो पाठीवर घेतला होता, मफलर होता, बूट तेच. सलीमनी त्यांना मिठी मारून इन्शाल्ला म्हटलं. मामा माझ्यापुढे येऊन वाकले, नमस्कार केला. म्हणाले, तब्येत जपा. ते नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आत जाताना डावीकडे वळायचं होतं, ते उजवीकडे वळले, आणि पोलिसाने हाताला धरून त्यांना फिरवलं.

दाऊदभाई आणि सलीम पुढच्या शुक्रवारीही आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. इथे तोंड दिसणाऱ्या फोनच्या बऱ्याच सोयी सरकारने बंद ठेवल्यात, मुलाने चालणारी कुठलीतरी सोय शोधून काढली आणि चिपळूणचे मामा टेबलावर उभे केले. मागे मामी तांदूळ पाखडत होत्या. मामांनी तिकडून वाजवायचा प्रयत्न केला, पण आवाज इथे पोचेपर्यंत उशीर व्हायचा. इकडचा ठोका पडून जायचा आणि मामा मागाहून यायचे. दोन शुक्रवार झटले. मग म्हणाले, नको, मी मागे पडतो, तुम्ही वाजवा, मी ऐकतो. त्यांनी बेंजो भिंतीला टेकवून ठेवला, तो फोनमध्ये दिसत होता.

दोघांनी वाजवलं. सलीमचा फेरा झाला, दाऊदभाईंचा झाला, मग सवयीने दोघंही एक पाऊल मागे सरले आणि हात खाली घेतले. लाल फुलावर कोणी आलं नाही. दोघं एकमेकांकडे बघायला लागले, आता काय करायचं कळेना. मी पाटावर बसले होते. मी बत्ता चालू ठेवला. त्याच लयीत. सून दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ घरात दुसरा आवाज नव्हता. मग फोनमधून मामा म्हणाले, "विहीणबाई, कूट झालं असेल की."

मी म्हटलं, "केव्हाच झालं. तुमचा फेरा चाललाय. सावकाश या."

त्यांना यायला लागायचा तेवढा वेळ मी कुटत राहिले, आणि मग एका ठोक्यावर, का ते सांगता येत नाही, पण तिथेच, दाऊदभाई आणि सलीम दोघंही एकदम पुढे आले.

दाणा गरजेपेक्षा जास्त कुटला की त्याला तेल सुटतं. त्या दिवशीची गवार तेलकट झाली होती. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.